नगावर, किलोवर, डब्यावर

पहाटे ५.३०

नळाला पाणी असतं तेवढ्यात विटा धुऊन घ्यायच्या. रात्री टबात भिजत घातलेला ढीग जाळीच्या पिशव्यांत भरायचा, खळबळून दोनदा पाणी बदलायचं, दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा मोकळ्या करायच्या. पाणी कोमटच हवं. ४० अंशांच्या वर नको, असं लेगो कंपनीच सांगते. वॉशिंग मशीन नको आणि ऊन तर अजिबात नको, कारण पांढऱ्या आणि राखाडी विटा उन्हाने पिवळट पडतात आणि मग त्यांना कुणी विचारत नाही. जुन्या सुती साडीवर पसरून पंखा लावला की पावसाळ्यातही दुपारपर्यंत कोरड्या होतात. स्टिकर असलेले तुकडे आणि मोटारी या पाण्यात जात नाहीत, त्या ओल्या फडक्याने पुसायच्या.

बदलापूर पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी खेळण्यांचं वाचनालय चालवते. महिन्याची वर्गणी भरून मुलं सेट घरी नेतात, पंधरा दिवसांनी परत आणतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना मोठा सेट विकत घेणं परवडत नाही. वर्गणी वाढवली तर तीच मुलं यायची थांबतील. म्हणून जे वाचवायचं ते खरेदीतच.

साडीवर पसरलेल्या या विटा मी किलोने आणल्या. पहिल्यांदा कुणीतरी त्या डब्याच्या भावाने घेतल्या असतील. आणि वर्गवारी करताना मी त्यांची किंमत नगावर लावते. एकाच विटेचे असे तीन भाव असतात. माझा दिवस त्या तिन्हींच्या मधल्या जागेत जातो.

सकाळी ७

चहाबरोबर फोन. भाची म्युनिकला, पुतण्या न्यू जर्सीला. दोघंही दुकानात गेली की डब्याचा आणि किमतीच्या पट्टीचा फोटो पाठवतात. आज भाचीने एका किल्ल्याच्या सेटचा पाठवला आहे, खाली प्रश्न: "मावशी, घेऊ का?"

लगेच हो म्हणायचं नाही. जर्मनीतला छापील भाव १९ टक्के व्हॅट धरून असतो. न्यू जर्सीतला विक्रीकर सोडून असतो, तो ६.६२५ टक्के बिलावर वेगळा लागतो. हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवले की अमेरिका उगाच स्वस्त दिसते. डेन्मार्क हे तर या विटांचं माहेर. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये बिलुंडला ही कंपनी काढली. पण तिथे व्हॅट २५ टक्के, म्हणून माहेरी जाऊन स्वस्त मिळेल असंही नाही. जर्मनीत मात्र दुकानं एकमेकांच्या चढाओढीत सूट देतात, त्यामुळे छापील भावाला तिथे फारसा अर्थ राहत नाही. भाचीला मी नेहमी विचारते, छापील किती आणि हातात किती?

मग आपल्याकडचं गणित. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क आधी २० टक्के होतं. २०२० च्या अर्थसंकल्पात ते ६० झालं, २०२३ मध्ये ७०. बंदरावर १०० रुपये किंमत धरलेला डबा या दराने शुल्कातच १७० चा होतो. त्यावर जीएसटी. तो साध्या, बिनविजेच्या खेळण्यांवर १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५. म्हणजे १७८ रुपये ५० पैसे, आणि यात आयातदार, गोदाम, वाहतूक, दुकानदार यांचं अजून काहीच आलेलं नाही.

शुल्काच्या मी सरसकट विरोधात नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात निम्म्याहून खाली आली आणि निर्यात तिपटीच्या पुढे गेली. त्यातून आपल्याकडच्या कारखान्यांना काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण विटांच्या बाबतीत अडचण साच्याची आहे. शंभर वेळा जोडून-सोडून तशीच घट्ट बसेल आणि पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांनी निघेलही, अशी वीट करायला साचा फार बारीक मापाचा लागतो. इथल्या विटांत मला ती पकड अजून सापडलेली नाही. ती सापडेपर्यंत शुल्काचा भार आमच्या मुलांच्या वाट्याला येतो.

नवे संग्राहक सुचवतात, भेट म्हणून पोस्टाने मागवा. ५ हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली ती शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढ्यांनाच ती उरली. राहिला मार्ग येणाऱ्या माणसाच्या सामानाचा. त्यालाही मर्यादा आहे, आणि विकायचा माल त्यातून आणायचा नाही हे मी कटाक्षाने पाळते. भाची येते तेव्हा वाचनालयाला भेट म्हणून एखादा सेट आणते, तोही डबा फोडून. डब्यात निम्मी तरी हवाच असते. विटा पिशव्यांत भरून कपड्यांच्या घडीत बसतात. जोडणीची पुस्तिकाही लागत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येते.

किल्ल्याला मी नाही म्हटलं. त्यातले निम्मे तुकडे माझ्याकडे सुटे आहेत.

सकाळी १०.३०

याच्या आधी निघण्यात अर्थ नाही. कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाड्या बदलापूरला भरूनच येतात आणि मोकळी पोती घेऊन महिलांच्या डब्यात चढलेल्या बाईकडे कुणी प्रेमाने बघत नाही. साडेदहानंतर बसायला जागा मिळते. अंबरनाथ, मग उल्हासनगर.

सकाळी ११.१५

शेअर रिक्षाने कॅम्प २. गजानन मार्केट, जपानी बाजार हे कापड-कपड्यांचे, आणि या गल्ल्यांच्या अधेमधे खेळणी-स्टेशनरीची घाऊक दुकानं.

उल्हासनगरचं नाव काढलं की बाहेरचा माणूस 'मेड इन यूएसए'ची गोष्ट सांगतो: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ती गोष्ट सांगणाऱ्यांना या गावाची दुसरी गोष्ट बहुधा ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून सगळं मागे टाकून आलेली माणसं त्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला सी. राजगोपालाचारींच्या हस्ते इथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. कॅम्प १ ते ५ ही नावं तेव्हापासून अंगवळणी पडली आहेत. हातात भांडवल नसलेल्या माणसाला एकच मार्ग असतो, थोड्या नफ्यावर भराभर माल फिरवणं. या बाजाराचा स्वस्तपणा त्यातून आला आहे. मी ज्या शेठकडे जाते त्यांचे वडील बराकीत राहून गाडीवर कंगवे विकत. शेठ आजही डझनावर मोजून पैशांत नफा काढतात.

"आओ दीदी, भवानी तुमच्या हाताने," असं म्हणत शेठ स्टूल पुढे करतात. त्यांची मराठी आणि माझी हिंदी साधारण सारख्याच वकुबाची आहे.

शेठकडे मी नवा माल विचारत नाही. नवा माल ऑनलाइन सेलमध्ये बहुधा याच्यापेक्षा खाली मिळतो, त्याच्यासाठी पाय झिजवू नयेत. मी विचारते तो माळ्यावरचा माल. आपल्या कायद्याने प्रत्येक डब्यावर सगळे कर धरून छापील किंमत लागते, आयात मालावर आयातदाराचं नाव आणि महिना-वर्षही. दुकानदाराला त्या किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही. समजा, एखादा सेट २०२३ मध्ये शुल्क पुन्हा वाढण्याआधी आला, विकला गेला नाही, माळ्यावर राहिला. कंपनीने दरम्यान तो सेट बंद केला. जगभरातले संग्राहक आता त्याला दुप्पट मोजतात, पण शेठच्या डब्यावर अजून जुनीच पट्टी आहे. मुंबईच्या मॉलमध्ये असा माल उरत नाही, तिथे तो सेलमध्ये उडून जातो. उल्हासनगर, कल्याण, भिवंडीच्या दुकानांत तो राहतो. म्हणून पट्टीवरचं महिना-वर्ष आधी वाचायचं, चित्र नंतर बघायचं.

दुसरी जागा फाटक्या डब्याची. डबा जमवणारे लोक एका कोपऱ्याच्या दुमडीवर सौदा मोडतात. बदलापूरच्या पावसाळी हवेत तर पुठ्ठ्याला बुरशी लागायला एक चातुर्मास पुरतो. मला डबा नकोच असतो. आत पिशव्या सीलबंद असल्या म्हणजे झालं. "शेठ, हा डबा कुणी घेणार नाही," एवढंच मी म्हणते आणि थांबते. इथे घासाघीस करताना मला संकोच वाटत नाही. आम्ही दोघंही बाजार ओळखून आहोत आणि शेठ तोट्यात विकणाऱ्यांतले नाहीत.

आज माळ्यावरून दोन छोटे सेट निघाले. पक्कं बिल घेतलं.

मग शेठने एक मोठा डबा काढला. चित्र ओळखीचं, नाव अनोळखी, वर आयएसआय खूण नाही, छापील किंमत नाही, भाव मूळ सेटच्या पाव. मी परत केला. इथे फरक नीट समजून घ्यायला हवा. विटेवर वीट बसवण्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. त्याची मुदत कधीच संपली, त्यामुळे त्या मापाची वीट आज कुणीही करू शकतो आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र दुसऱ्याच्या सेटची रचना, चित्र आणि माणसं जशीच्या तशी उचलणं ही चोरी आहे. चीनमध्ये 'लेपिन' नावाने हेच चालायचं. २०१९ मध्ये पोलिसांनी तिथला कारखाना बंद पाडला आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला सहा वर्षांची शिक्षा दिली. माझ्यासाठी आणखी एक कारण त्याहून जवळचं आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात आयएसआय खुणेशिवाय खेळणं विकता येत नाही. ती खूण रंगातल्या शिशाची आणि सुट्या होणाऱ्या बारीक तुकड्यांची तपासणी झाल्याची खूण आहे. माझ्याकडची निम्मी मुलं वस्तू आधी तोंडात घालून बघतात.

दुपारी १

दाल-पकवान खाऊन रुळांच्या पलीकडे, मामांच्या भंगाराच्या वखारीत. मामा मूळचे जालन्याकडचे. त्यांच्याकडे प्लास्टिकची पोती येतात, बायका बसून जाती वेगळ्या करतात, पुढे दाणे करणाऱ्या कारखान्यांना माल जातो.

घरं बदलताना, मुलं मोठी झाल्यावर लोक विटांची पिशवी रद्दीत देतात. मामांना ती मिश्र प्लास्टिक म्हणून येते. पण २ बाय ४ खुंट्यांची एक वीट साधारण सव्वादोन ग्रॅमची, म्हणजे किलोत सव्वाचारशेच्या वर विटा. नगाला ३ रुपये धरले तरी तेराशेच्या आसपास रुपये झाले, आणि त्यात एखादा जुना माणूस किंवा दुर्मीळ रंगाचा तुकडा निघाला तर हिशेबच बदलतो. शिवाय या विटा जुन्या होऊन बाद होत नाहीत. १९५८ च्या मापाची वीट आजच्या विटेवर बसते. वापरलेल्या मालाचा जगभरचा बाजार त्या एका गोष्टीवर उभा आहे.

ढिगात अस्सल कोणती, हे ओळखायला प्रत्येक खुंटीवरची बारीक अक्षरं बघायची. पण पोतं मोठं असलं की आधी बादली. लेगोची वीट एबीएस प्लास्टिकची, पाण्यापेक्षा किंचित जड, ती बुडते. स्वस्तातल्या मऊ ठोकळ्यांचं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, ते तरंगतं. फार खारं पाणी चालत नाही, त्यात बुडायचं तेही वर येतं. हवेचे बुडबुडे अडकतात म्हणून हाताने दाबून सोडायचं. बुडालेलं सगळं अस्सल असतं असं नाही, पण तरंगलेली वीट अस्सल नसते, आणि बघायचा ढीग निम्मा होतो.

मामांना मी पहिल्याच दिवशी हा माल काय आहे ते सांगितलं. माझ्या ओळखीतल्या काही संग्राहकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते न सांगता भंगाराच्या भावाने उचलणं हाच खरा सौदा. मला तसं वाटत नाही. शेठच्या माळ्यावरची जुनी पट्टी वाचणं ही माझी मेहनत आहे, कारण ती पट्टी शेठलाही वाचता येते. पण उन्हात बसून पोती निवडणाऱ्या बायकांच्या अजाणतेपणावर नफा काढायचा, आणि त्या नफ्यातून त्यांच्यासारख्याच घरांतल्या मुलांना स्वस्तात खेळवायचं, हे मला जमणार नाही. मी मिश्र प्लास्टिकच्या तिप्पट भाव देते आणि निवडणीचे वेगळे. तरीही मला ते परवडतं, यावरूनच किलो आणि नग यांच्यातलं अंतर कळावं.

दुपारी ३.३०

अंबरनाथ. शिवमंदिराच्या रस्त्याला एका काकांकडे. काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मुलगा कॅनडात. त्याच्या लहानपणच्या विटांचा डबा द्यायचा आहे, आणि एक न फोडलेला सेट आहे, मुलाने पाठवलेला. "हा ठेवला तर भाव वाढेल का गं? मुलगा म्हणतो सोन्यापेक्षा बरं."

मुलगा अगदीच चुकीचं सांगत नाही. मॉस्कोच्या दोन महिला संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधल्या सेटच्या जुन्या बाजारातल्या किमती तपासल्या तेव्हा सरासरी वर्षाला ११ टक्के परतावा निघाला. पण सरासरीच्या पोटात तोटेही असतात. मी काकांना ताजमहालाची हकिकत सांगितली. २००८ मध्ये लेगोने ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला, तोवरचा सगळ्यांत जास्त तुकड्यांचा सेट. थोड्या वर्षांत तो बंद झाला आणि न फोडलेल्या डब्याचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले. लोकांनी ते डबे कपाटात ठेवून दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल एका तुकड्याच्या फरकाने पुन्हा बाजारात आणला. जुन्या डब्यांचा भाव कोसळला. डब्यावरची किंमत अशी कंपनीच्या एका निर्णयावर टांगलेली असते. सुट्या विटांना त्याची झळ लागत नाही. लागली तरी कुणाला तरी हरवलेला तुकडा हवाच असतो.

काका बराच वेळ डबा उलटसुलट करत राहिले. मी म्हटलं, "काका, नातू दिवाळीत येणार आहे ना? त्याच्याबरोबर बसून फोडा." त्यांनी तो सेट परत कपाटात ठेवला. फोडतील की नाही, ठाऊक नाही. सुट्या विटांचे पैसे मी किलोवर ठरवले आणि त्यातली वेगळी माणसं, चाकं, दारं-खिडक्या त्यांच्यासमोर बाजूला काढून नगावर मोजली. "अगं, एवढ्याशा टोपीला पैसे?" काका म्हणाले. टोपीलाच तर असतात. माणूस १९७८ पासून त्याच मापाचा आहे, मुलं हरवतात ती त्याची टोपी.

संध्याकाळी ५.३०

वाचनालय उघडतं. परत आलेला प्रत्येक सेट वजनकाट्यावर जातो. स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लागतो. देताना वजन वहीत लिहिलेलं असतं. येताना कमी भरलं की किती ग्रॅमची तूट त्यावरून कोणत्या आकाराचे तुकडे गेले याचा अंदाज येतो. आज एका पोराच्या सेटमध्ये ४.६ ग्रॅम कमी. २ बाय ४ च्या दोन. "बेडखाली बघ रे," म्हटलं, तर त्याची आजीच पदराच्या गाठीतून सोडून देते, "केर काढताना सापडल्या, म्हटलं ताईंना देऊ."

तुटीचे पैसे मी घेत नाही. त्याच्याऐवजी मुलाने बसून शंभर विटा आकाराप्रमाणे लावून द्यायच्या. रंगाप्रमाणे नव्हे. लाल ढिगात लाल वीट शोधायला डोळे दुखतात, तर एकाच आकाराच्या डब्यात हवा तो रंग लगेच उठून दिसतो. मुलांना हे काम शिक्षा वाटत नाही. चौथीतली एक मुलगी तर तूट नसतानाही येऊन बसते, आणि कुठल्या सेटमधला कुठला तुकडा दुर्मीळ आहे हे आता माझ्याआधी सांगते.

शाळेत मुलांचाही बाजार चालतो. एका शिरस्त्राणाला तीन चाकं, एका झेंड्याला एक माणूस. त्यांच्या भावात शुल्क नाही, डबा नाही. कुणाला काय हवं आहे एवढंच आहे. मी तो अदलाबदलीचा भाव फळ्यावर लिहायला सांगते. फसवलं गेल्यासारखं वाटलं तर दोघांनी फळ्यापाशी यायचं.

रात्री ९

दिवसभराचा माल वहीत उतरवते. २००० साली सुरू झालेला आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतलेला ब्रिकलिंक हा सुट्या विटांचा बाजार, तिथे तुकड्याचा क्रमांक टाकला की गेल्या सहा महिन्यांत तो कितीला गेला ते दिसतं. वहीत नगाचा भाव तिथून येतो. काकांच्या विटांत एक जुना करडा पंखा निघाला, अपेक्षेपेक्षा वरचा. उद्या काकांना फोन करून फरक देईन.

इतक्यात मामांचाच फोन.

"ताई, नवं पोतं आलंय. बादलीत टाकून बघितलं आम्हीच. तरंगलेलं काढलं बाजूला."

"वा मामा!"

"आता वा म्हनू नका. बुडनारं निवडून ठेवलंय, त्याचा भाव यगळा लागंल. बायका म्हनत्यात तिप्पट नको, पाचपट."

"पाचपट नाही परवडत मामा. अजून अक्षरं बघायची माझीच राहिलीत."

"मंग अक्षरंबी दाखवा त्यास्नी. कुटं अस्त्यात?"

खुंटीवर असतात. भिंग घेऊन उद्या येते म्हटलं. चौपटीवर ठरलं, आणि अक्षरं बघून दिलेल्या विटांना पाचपट.